आत्याबाईंच्या बंडीतली चूक

पूर्णेत त्या काळी उन्हाळा दोन ठिकाणांहून यायचा. एक आभाळातून, तो सगळ्या परभणी जिल्ह्याला सारखा वाटला जाई. दुसरा लोकोशेडमधून, तो खास रेल्वे क्वार्टरवाल्यांसाठी राखीव होता. वाफेची इंजिनं अजून रिटायर व्हायची होती, विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न सुटायचा होता, आणि क्वार्टरना पंखे मंजूर व्हायचे होते. यातलं आधी काय होईल, यावर शेडमध्ये चहाच्या पैजा लागत.

तात्याराव त्या शेडमध्ये खलाशी. दिवसभर इंजिनाच्या पोटात हात घालून घरी आले, की खाकी शर्ट खुंटीला, बादलीभर पाणी अंगावर, आणि अंगात बंडी. बंडी चढवल्याशिवाय ते चहा पीत नसत आणि घरातल्या कुठल्याही गोष्टीला जबाबदार राहत नसत. बंडी त्यांच्या मायनं, लक्ष्मीबाईनं, हातशिलाईची केलेली. लक्ष्मीबाईला जाऊन दोन उन्हाळे झाले होते, आणि बंडीही हळूहळू त्याच वाटेनं निघाली होती. पाठ इतकी विरली होती की बाहेरून बरगड्या मोजून घ्याव्यात.

तात्यारावांची बायको चांगुणाबाई. तिनं आजवर नवऱ्याला दोन बंड्या शिवल्या होत्या. दोन्ही त्यांनी अंगात घातल्या, मान एकदा इकडं, एकदा तिकडं फिरवली, "चांगली हाय" म्हणाले आणि घडी करून पेटीत ठेवल्या. नवऱ्यानं 'चांगली हाय' म्हणून पेटीत ठेवलेल्या वस्तूचा अर्थ कळायला बाईला शाळा लागत नाही. त्यातून चांगुणाबाई आता साधी बाई राहिली नव्हती. गावातल्या नर्मदाबाईंच्या शिवणवर्गाचं सर्टिफिकेट तिच्या भिंतीवर काचेत होतं, आणि जुन्या बाजारातून घेतलेलं हातमशीन खिडकीशी. एकदा तरी आपली बंडी घालून या माणसानं मान फिरवू नये, एवढंच तिला पाहिजे होतं.

"ती इकडं द्या," वैशाखात एका रविवारी ती म्हणाली. "उसवते. नव्या कापडावर ठेवून बराबर तशीच कापते."

"मायच्या हाताची हाय ती."

"मंग मी काय पायानं शिवायलेय का?"

कुडापलीकडं पॉइंट्समनच्या पार्वतीबाई पापड वाळत घालत होत्या. त्यांचे कान पापडांच्या आधी वाळून तयार झालेले.

"द्या की वो तात्याराव," त्या ओरडल्या. "आता तिच्यातून चहा गाळता येतोय. लाज कवर राखायची तिनं?"

"परत जशीच्या तशी जोडून देशील?" तात्यारावांनी बायकोला विचारलं. आवाज असा, की मूल दवाखान्यात ठेवून चाललेत.

"देते म्हनलं न्हवं."

मांजरपाटाचं नवं कापड रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून तयार होतं. न भिजवता शिवलं तर पहिल्याच धुण्यात बाप-लेक एकाच मापाचे होतात. चांगुणाबाईनं ब्लेडच्या टोकानं एकेक टाका सोडवला. टाके बारीक आणि हट्टी, सासूसारखे. पुढचे दोन भाग, पाठ, खिसा वेगळे झाले. मग पाठीचा तुकडा तिनं मधोमध दुमडला आणि थबकली. खांदे जुळेनात. उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला बोटभर खाली उतरलेला.

तिनं तुकडा उलटून पाहिला, हातानं ताणून पाहिला. बोटभर ते बोटभरच. तिला झालेला आनंद लिहायला बरा दिसणार नाही. सासू म्हणून, तिच्या भाषेत आत्याबाई म्हणून, लक्ष्मीबाईनं तिच्या भाकरीला, सारवणाला, लेकराला धरायच्या रीतीला नाव ठेवलेलं होतं, आणि बाईचा कापच वाकडा निघाला होता.

"मावशी," ती कुडाशी जाऊन हळू आवाजात म्हणाली, "आमच्या आत्याबाईला खांदा कापायला येत नव्हता वो."

"काय म्हनतीस!" पार्वतीबाईंनी पापड सोडून दिले. हळू आवाजातली बातमी क्वार्टरच्या लाइनीत सगळ्यात जोरात पळे. संध्याकाळपर्यंत ती टोकाच्या नळापर्यंत पोचली.

नर्मदाबाईंच्या वर्गाचा कायदा होता: कापड दुमडा, एकदाच कात्री चालवा, दोन्ही बाजू सारख्या येतात. चांगुणाबाईनं तसंच केलं. सासूची चूक दुरुस्त करून, दोन्ही खांदे सरळ ठेवून, कडेला शिलाईपुरती माया सोडून बंडी कापली. दोन दिवसांत काजबटणांसकट उभी केली. बिनबाह्यांची, मोकळ्या बगलेची, एकाच खिशाची.

तात्यारावांनी ती घातली. चांगुणाबाई त्यांच्या मानेकडं बघत राहिली. त्यांची मान डावीकडं गेली. मग उजवीकडं.

"चांगली हाय," ते म्हणाले.

त्या दिवशी चहा तसाच निवला. जुनी बंडी उसवलेली, नवी काचणारी. तात्याराव उघड्या अंगानं नळाशी जाऊन बसले आणि तांब्यानं पाठीवर पाणी ओतू लागले. चांगुणाबाई दारात उभी राहून त्या पाठीकडं रागानं पाहत होती. लग्नाला बारा वर्षं झाली होती, पण ही पाठ अशी निवांत पाहायचं कधी जमलं नव्हतं. समोरून दिसणाऱ्या भानगडीच इतक्या असतात. पाहता पाहता राग थांबला. डाव्या खांद्यावरून पाणी सरळ उतरत होतं. उजव्यावरून घसरत होतं.

"अवो, ताठ बसा बरं."

"ताठच हाय की."

"आजून ताठ."

"आता काय झेंडावंदन हाय का?"

तिनं जवळ जाऊन दोन्ही खांद्यांवर दोन हात ठेवले. उजवा हात बोटभर खाली राहिला. बरोबर बोटभर.

"तुमचा खांदा उतरलाय."

तात्यारावांना हे आवडलं नाही. चाळिशीला आलेला माणूस स्वतःला सरळ समजत असतो आणि असं कुणी नळावर सांगत नसतं.

"खुळी हायेस का? शेडमध्ये इचार. मी..." एवढं बोलून ते थांबले. नामांतराच्या मोर्चातला एक फोटो त्यांच्या डोळ्यांपुढं आला असावा. सगळ्यांचे झेंडे उभे, यांचा एकट्याचा कललेला. इतकी वर्षं ते त्याचा दोष वाऱ्याला देत आले होते.

"कावडीनं झालं आसंल," ते म्हणाले. "आमच्या वस्तीचं पानी नदीवरून. मी धाकट्या वयाचा, कावड उजव्याच खांद्यावर घ्यायचो."

"जवळ विहीर नव्हती?"

"व्हती की. चार पावलावर. पर ती गावाची व्हती."

चांगुणाबाईला यात नवं काही नव्हतं; तिच्या माहेरीही चार पावलांवर अशी एक विहीर होती.

"माय रातच्याला खांद्याला तेल लावायची," तात्याराव म्हणाले. "त्याच्या पल्याड कधी बोलली न्हाई."

बोलली नव्हती. फक्त बोटभर कापड कमी करत आली होती, पोराला कळू न देता.

चांगुणाबाईनं नवी बंडी उसवली. उजव्या खांद्याचा उतार बोटभर छाटला, बगल तेवढीच खाली घेतली. हे दुमडून होत नाही. हा एक भाग वेगळाच कापावा लागतो. कात्री चालवताना वर्गाचा कायदा मोडल्यासारखा हात दोनदा अडला.

"झाली का गं दुरुस्त सासूची चूक?" कुडावरून पार्वतीबाई.

"चूक माझी व्हती, मावशी."

"आगं बया! आन मी तर सगळ्या लाइनीला सांगून आले."

"मंग आता हेबी सांगून या."

पार्वतीबाईंचा चेहरा पडला. असल्या बातमीला पाय नसतात.

संध्याकाळी तात्यारावांनी बंडी घातली. बटणं लावली आणि चहा मागितला. मान जागची हलली नाही. चहा पिऊन लिंबाखालच्या बाजेवर पडले, आणि इंजिनांच्या शिट्ट्यांत घोरायला लागले. "चांगली हाय" म्हणायचंही विसरले.

चांगुणाबाई उंबऱ्यात बसली. जुन्या बंडीचे तुकडे तिनं मांडीवर घेतले. मशीन लावलं असतं तर विरलेलं कापड फाटलं असतं, म्हणून हातात सुई घेतली. शब्द दिला होता. टाका कुठं घ्यायचा हे शोधावं लागलं नाही. म्हातारीनं पाडलेली भोकं तशीच होती, सुई त्यातून आपल्या पायानं चालत गेली. उजव्या खांद्याशी आल्यावर तिनं एक टाका जास्तीचा घातला. तिथं कापड फार थकलं होतं.

दुसऱ्या दिवशी तात्याराव अंघोळ करून आले, तर खुंटीवर दोन बंड्या. ते एकीकडं बघत, मग दुसरीकडं, मग बायकोकडं. इंजिन कुठल्या रुळावर घ्यावं, असा पेच.

"आज त्यांची घाला," भाकरी थापताना वर न बघता चांगुणाबाई म्हणाली. "माझी धुवायची हाय."