शेवटच्या कप्प्यातले कार्ड

मित्रांनो, माझ्याकडे असे कौतुकाने पाहू नका. मी अक्रोडाच्या लाकडाची कार्डपेटी आहे, बरीच जुनी, आणि अंगावर अजून थोडी चकाकीही आहे. पण माझी गोष्ट ऐकलीत तर कौतुक ओसरेल. मला स्वतःला ती सांगताना मेल्याहून मेल्यासारखे होते.

ब्रेस्तोवो गावाचा रस्ता रुंद करताना एक अक्रोड पाडला गेला. इलिया सुताराने त्यातून मला घडवले. त्याने माझे बारा कप्पे केले, प्रत्येकाला पितळी कडी लावली आणि खाचांवर मेण घासले. "कितीही ओल आली तरी अडकायची नाही," तो म्हणाला होता. त्याचे बोलणे खरे ठरले. मी कधीच अडकले नाही, आणि हेच आज मला डाचते.

गावाच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत स्तोयनाबाईंच्या टेबलावर मी बसले. बाई फोनही सांभाळत आणि मलाही. वर्तमानपत्रात ज्याचे बोलणे छापून येई, त्याचे एक कार्ड माझ्या पोटात पडे. बाईंचा नियम सोपा होता. माणूस पहिल्यांदा ज्या विषयावर बोलला, तोच त्याचा कप्पा. एका माणसाचे एकच कार्ड. पहिला कप्पा पाणी, वीज आणि रस्त्यांचा. मग कायदा, शेती, दवाखाने असे करत शेवटचा, अगदी तळाचा, घर आणि कुटुंबाचा. बातमीदार धावत येत, कडी ओढत, नाव शोधत आणि फोन लावत. "ही पेटी आहे म्हणून पेपर निघतो," असे संपादक द्राग्नेव्हसाहेब पाहुण्यांना सांगत, आणि मी फुशारून जाई.

आता माझ्या गुर्मीचे मूळ सांगते. ब्रेस्तोवोत बायका काही कमी शिकलेल्या नव्हत्या. न्यायाधीश बाई होती, गुरांची डॉक्टर बाई होती. पण पेपरात त्यांचे नाव पहिल्यांदा येई ते आठ मार्चला, महिलांच्या दिवशी. त्या दिवशी प्रत्येकीला लाल कार्नेशनचे फूल मिळे, फोटो निघे, आणि खाली छापून येई की इतके काम करून ही बाई घरी काय रांधते. नियमाप्रमाणे साऱ्यांची कार्डे तळाच्या कप्प्यात. तो कप्पा टरारून फुगला होता. मला वाटे, बायका एकत्र सुखात आहेत. कुणी तो उघडत नाही याचे मला कधी काही वाटले नाही.

अशाच एका आठ मार्चला रादोस्तिना वेल्च्कोवा कचेरीत आली. गावाच्या वरच्या अंगाला धरण आहे, तिथली ती इंजिनियर. सतरा वर्षे रोज भिंतीवर चढून ती पाणी मोजत होती. तिच्याशी बोलायला बसली झोर्नित्सा. घर आणि कुटुंबाचे पान हीच पोरगी लिहायची. पहिल्या पानाच्या बातम्या पुरुष आणत. दोघी दोन तास बोलल्या, भिंतीतून पाझरणाऱ्या पाण्याबद्दल, पाणी सोडायच्या जुन्या झालेल्या दारांबद्दल. झोर्नित्साने चार कागद भरले.

द्राग्नेव्हसाहेब ते चाळून हसले. "अगं, सणाच्या दिवशी लोकांना सिमेंट वाचायला देतेस? लुतेनित्साचं काय ते ठेव, बाकी काढ."

"साहेब, ते तर त्या निघता निघता बोलल्या होत्या."

"तेच तर गोड वाटतं!"

मग छापून आले ते एवढेच, की मिरच्या नीट भाजून सोलल्या तर लुतेनित्सा, म्हणजे मिरच्यांची चटणी, वर्षभर टिकते. स्तोयनाबाईंनी आपल्या सुरेख अक्षरात कार्ड केले: "वेल्च्कोवा, रादोस्तिना. लुतेनित्सा, तिखट कमी." मी ते शेवटच्या कप्प्यात घेतले. कुरकुरले नाही.

दोन वर्षांनी डोंगरावरचे बर्फ लवकर वितळले आणि वरून पाऊसही लागला. मंगळवारी सकाळी फोन वाजला.

"मी धरणावरून वेल्च्कोवा बोलतेय. पाण्याच्या बातम्या बघतात त्यांना द्या. घाई आहे."

"थांबा हं, बघते." बाईंनी सवयीने माझा शेवटचा कप्पा ओढला. बायकांची कार्डे तिथेच, हे हाताला पाठ होते. हवा इतकी ओली होती की कचेरीची खिडकीसुद्धा फुगून बसली होती. मी तेव्हा अडकले असते तर? बाईंनी वैतागून फोन सरळ पहिल्या पानाच्या टेबलाला दिला असता. पण मी लोण्यासारखी सरकले. बाईंनी कार्ड वाचले आणि गोड आवाजात म्हणाल्या, "तुमचा विषय झोर्नित्साकडे आहे. तिला देते."

"अहो बाई, धरण आहे हे, स्वयंपाक नाही!"

पण बाईंनी फोन जोडूनही दिला होता.

झोर्नित्साने सगळे लिहून घेतले आणि पळत साहेबांकडे गेली. त्या वेळी बातमीदाराने माझा पहिला कप्पा उघडून धरणाच्या संचालकांना, तेर्झिएव्हसाहेबांना, फोन लावला होता. त्यांचे ऑफिस गावात, चौकात. धरणावर ते वर्षातून दोनदा जात. त्यांनी सांगितले होते, काळजीचे काही कारण नाही.

"साहेब, रादोस्तिनाताई म्हणतायत, गुरुवारपर्यंत दारं उघडावीच लागतील. नदी खालच्या वस्तीत शिरेल. लोकांना सांगायला हवं."

"कोण रादोस्तिना? ती लुतेनित्सावाली?" साहेबांनी चष्मा वर केला. "तेर्झिएव्ह काय म्हणाला ऐकलंस ना? जबाबदार माणसाचं नाव लागतं पहिल्या पानाला."

"रोज पाणी मोजतात त्या! जबाबदार अजून काय असतं?"

"बरं बाई, रुसू नकोस. तुझ्या पानावर घे की चार ओळी."

"माझं पान शनिवारी निघतं, साहेब."

"मग शनिवारी घे."

 झोर्नित्साने फोन उचलून नगरपालिकेला कळवून पाहिले. तिथल्या माणसाने विचारले, "पेपरात आलंय का?" नाही म्हटल्यावर त्याने फोन ठेवला.

बुधवारी पहिल्या पानावर ठळक अक्षरात आले: धोका नाही. स्तोयनाबाईंनी एक अंक पिशवीत घालून घरी नेला. बाई खालच्या वस्तीत, नदीकाठी राहायच्या. त्यांचा नवरा नेनो तो अंक वाचून निश्चिंत झाला असणार. गुरुवारी सकाळी बाई कामावर आल्या, आणि नेनोकाका कोबीच्या लोणच्याचे पिंप हलवायला तळघरात उतरले.

नऊ वाजता धरणाची दारे उघडली.

पुढचे मी पाहिले नाही. मी फक्त बाईंना फोन उचलताना पाहिले. त्या एवढेच म्हणाल्या, "तळघरात? पण पेपरात तर होतं..." आणि फोन तसाच लोंबकळत राहिला.

शनिवारी पान निघाले. वसंतातल्या साफसफाईच्या लेखाखाली चार ओळी होत्या. नदीकाठच्या लोकांनी सामान वर हलवावे. गुरुवारी तळघरात उतरू नये.

सोमवारी दुखवट्याचे काळे कपडे घातलेल्या बाई कचेरीत आल्या.  त्यांनी माझे बाराही कप्पे काढून टेबलावर उपडे केले. झोर्नित्सा जवळ येऊन उभी राहिली. बाई हातातल्या एका कार्डाकडे पाहत होत्या.

"हे अक्षर कुणाचं गं?"

"मावशी, राहू द्या."

"माझंच आहे. तिखट कमी." बाईंनी कार्ड तिच्यासमोर धरले. "तिनं मला ओरडून सांगितलं गं. आणि मी गोड बोलून तिला तुझ्याकडे ढकललं."

द्राग्नेव्हसाहेब दारात आले होते. "स्तोयना, तुझा काय दोष? पेटीत होतं तसं तू केलंस."

"पेटीत मीच घातलं होतं, साहेब. आणि तुम्ही घालायला दिलं होतं."

 माझ्या आत काहीच उरले नव्हते, तरी मला इतके जड कधी वाटले नव्हते. इतकी वर्षे मी समजत होते की साऱ्या गावाचे शहाणपण माझ्यात आहे. अर्धे मी तळाशी कोंबून ठेवले होते, तेही हसत हसत.

दुसऱ्या दिवसापासून दोघींनी एकेक बाईला फोन केला आणि विचारले, तुम्ही काम काय करता? नवी कार्डे लिहिली. गुरांची डॉक्टर दवाखान्यांच्या कप्प्यात गेली, न्यायाधीश कायद्याच्या. झोर्नित्साने पहिल्या पानाचे टेबल मागून घेतले आणि साहेबांना नाही म्हणता आले नाही. लोक म्हणाले, पेपर सुधारला. माझी लाज मात्र गेली नाही. नेनोकाकांना त्याचा काय उपयोग?

आता कचेरीत संगणक आहेत. बाई निवृत्त झाल्या तेव्हा मला त्यांनी मागून घेतले. मी त्यांच्या वरच्या खोलीत खिडकीशी असते. माझे मधले दहा कप्पे रिकामे आहेत. शेवटचा तर त्यांनी काढून चुलीत घातला, आणि ते बरेच झाले.

मित्रांनो, तुमच्याकडेही कुठेतरी अशी एखादी पेटी असेल, लाकडाची नसली तरी. तिच्यात कुणाचे नाव घालताना त्या माणसाला एकदा विचारा, तुम्हाला कशातले कळते? आणि तळाचा कप्पा मधूनमधून उघडत जा. माझ्यासारखीला स्वतःहून ते जमत नाही.

दर गुरुवारी सकाळी नऊला बाई फोन लावतात.

"रादोस्तिना, मी स्तोयना. आज पाणी किती आहे गं?"

पलीकडून ती सांगते. बाई ते कार्डावर लिहितात, खाली तिचे नाव आणि इंजिनियर असे लिहितात, आणि माझा पहिला कप्पा उघडून ते आत ठेवतात. तेव्हाही एवढे एक विचारणेच लागत होते.