केस पिळणारी बाई

कोलशेतच्या धाकू कोळ्याच्या जाळ्यात खाडीतून लाकडाची एक मूर्ती आली. त्याने ती काठावर मांडव घालून बसवली आणि ठाण्याला येऊन त्र्यंबकरावांना गाठलं. त्र्यंबकराव इंग्रजी शाळेतले पेन्शनीत निघालेले मास्तर; जुन्या मूर्तींचा त्यांना नाद होता.

"मास्तर, हिला बकरा चालतो का, येवरंच सांगा," धाकू म्हणाला. "बकरा आणून ठेवलाय."

त्र्यंबकराव होडीत बसून गेले. गुडघ्यांवर बसलेली बाई, लांब केस खांद्यावरून पुढे घेऊन दोन्ही हातांनी पिळत होती. भेगांत लाख आणि सोन्याचा वर्ख उरला होता. आधी त्यांना वाटलं, द्रौपदी. पण ही तर मंद हसत होती. डोक्यावर चौकोनी खाच होती. म्हणजे हिच्या वर कुणीतरी बसत असे.

"चार दिवस थांब," ते म्हणाले. बकऱ्याला चार दिवस मिळाले.

दोनच दिवसांनी त्यांचा पुतण्या आनंद कल्याणहून भेटायला आला. तो पलटणीबरोबर ब्रह्मदेशात कारकुनी करून नुकताच परतला होता. वर्णन ऐकून तो म्हणाला, "काका, ही तिकडची. देवळात बुद्धाच्या आसनाखाली असते."

"केस का पिळते?"

"विचारलं नाही. मी तांदळाच्या गोणींवर होतो."

त्र्यंबकरावांचं जेवणात लक्ष लागेना. ध्यान मोडायला फौज घेऊन आलेल्या माराने बुद्धाच्या आसनावर हक्क सांगितला, तेव्हा बुद्धाने भूमीला हात लावून तिला साक्षीला बोलावलं, हे त्यांनी वाचलं होतं. म्हणजे ही बाई भूमीच. मग तिच्या केसांतलं पाणी कसलं? आपोष्णीसाठी तळहातावर घेतलेलं पाणी तसंच राहिलं आणि त्यांना उमगलं. दान देताना माणूस उदक सोडतो. ते मुरतं जमिनीत. बुद्धाच्या जन्मोजन्मीच्या दानांचं पाणी भूमीने केसांत धरून ठेवलं होतं. साक्ष द्यायची वेळ आली तेव्हा तिने केस पिळले आणि माराची फौज वाहून गेली.

ते खूश होऊन पाणी प्यायले. जेवण गार झालं होतं.

कोलशेतला त्यांनी हे सगळं सांगितलं.

"म्हंजे बकरा नाय," धाकू म्हणाला.

"नाही. ही साक्ष देते. हिला काही लागत नाही."

जेवणाच्या आशेने जमलेली मंडळी हिरमुसली. धाकूचा चुलतभाऊ पंढरी मागे उभा होता. खाडीतल्या जाळ्याच्या जागेवरून दोघांचं वर्षभर बोलणं बंद होतं.

"पंढरी," धाकू म्हणाला, "जागा तुझी हाय ना? मंग सांग हिच्या म्होरं."

पंढरीने बाईच्या हातातल्या केसांकडे पाहिलं, मग खाडीकडे पाहिलं. भरती चढत होती. तो घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याने त्या जागेवरचे आपल्या जाळ्याचे खुंट उपटून नेले.

मूर्ती मुंबईच्या संग्रहालयात पाठवा, असंही त्र्यंबकराव सांगणार होते. ते त्यांनी सांगितलं नाही.