गेमचं वय ठरवणारी ग्रामसभा

घरातलं मूल गप्प झालं, की आपण आधी त्याची जीभ बघतो, मग पोट दाबतो आणि शेवटी शाळेला दोष देतो. शेवगावजवळच्या एका गावात सुनील आणि सविताने हे सगळं ओळीने करून पाहिलं. तरी त्यांची मुलगी दिशा अंधार पडला की गोठ्यात जाईना आणि दिवा मालवला की उठून बसे.

सविताचा संशय मोबाईलमधल्या गेमवर होता. बंद पडलेल्या दवाखान्यातून पळायचं आणि मागे एक बाई लागते, असा तो गेम. दिशाला बारा वर्षं पूर्ण झाली तेव्हा सुनीलनेच वाढदिवसाला घेऊन दिलेला. सुनील काही बेफिकीर बाप नव्हता. गावचं दूध संकलन केंद्र चालवणारा माणूस, आकडा पाहिल्याशिवाय कॅन पुढे सरकवत नाही. गेमवरचा आकडाही त्याने वाचला होता: वय बारा आणि पुढे. दिशा बाराची. त्याच्या लेखी विषय संपला.

त्याचा भाऊ रविराज जर्मनीत नोकरीला होता. तो फोनवर म्हणाला, "दादा, हाच गेम इकडं सोळाच्या आतल्या पोरांना देत नाहीत."

सुनीलने बराच विचार केला. "थंड मुलूख हाय. तिथं पोरं उशिरा पिकत असतील."

"अन् आपली?" सविताने विचारलं.

"आपल्याकडं ऊन हाय."

नवराबायकोचं जमेना की प्रकरण ग्रामसभेत न्यायचं, अशी या गावाची रीत. आमटीत गूळ घालावा की घालू नये, यावरही तिथे ठराव झालेला आहे. दोन घरांनी तो अजून मानलेला नाही.

गटार आणि पथदिवे आटोपल्यावर सविता उभी राहिली. "माझी पोरगी रातीची झोपत न्हाई, अन् तिच्या बापाला आकड्याचं पडलंय. ह्या गेमचं खरं वय काय, ते गावानं ठरवावं."

गाव लगेच कामाला लागलं. शाळेच्या कृपा मॅडमनी मोबाईलवर शोधून सांगितलं, अमेरिकेत तेरा, ऑस्ट्रेलियात पंधरा. आपला धरून चारही देशांची सरासरी काढा, अशी सूचना आली. ती चौदा निघाली. एक वर्ष गावकीचं म्हणून कमी करावं, असंही कुणी म्हणालं. ऐंशी ओलांडलेल्या कारभारी आजोबांनी हात वर केला. "खालची मर्यादा कळली. वरची किती? आमी बसतो का त्यात?"

कृपा मॅडम उभ्या राहिल्या. "सुनीलभाऊ, एकच दूध तीन डेअऱ्यांना घातलं, तर फॅट सारखं लागतं का?"

"कुठं लागतंय. ज्याचं त्याचं मशीन."

"मग हेही तसंच. एका देशाला रक्त खुपतं, दुसऱ्याला जुगार, तिसऱ्याला नशा, कुणाला उघडं अंग. ज्याला ज्याची धास्ती, त्यावर त्याचं माप. आपल्याकडं सिनेमाला सरकारी प्रमाणपत्र असतं, गेमला तसं अजून नाही. तुम्ही वाचलात तो आकडा गेम बनवणाऱ्यानं प्रश्नावलीत भरलेल्या उत्तरांवरून निघालेला. हे सगळे आकडे कामाचे आहेत, ते वाचायलाच हवेत. पण त्यातल्या एकानंही आपली दिशा पाहिलेली नाही."

"मग गेम आमी बघायचा?"

"पाहिलाय का कधी?"

सुनीलने खिशातला मोबाईल काढून पुढे केला.

मग पंचायतीच्या भिंतीवर प्रोजेक्टर लावला गेला. सुनील खेळायला बसला, सविताबरोबर आलेली दिशा त्याच्या शेजारी. दवाखान्याचा लांबलचक बोळ आला. दिशा हळूच म्हणाली, "पप्पा, आता डोळे मिटा."

"का गं?"

"हितं ती येती. मी रोज मिटते."

सुनीलने मिटले नाहीत. भिंतीवर ती बाई आली. सभेतली काही माणसं थेट रस्त्यावर गेली. गणपूर्ती मोडली, पण ते ग्रामसेवकाच्याही लक्षात आलं नाही.

सुनीलने मोबाईल खाली ठेवला. "एवढं भ्या वाटतं, तर खेळती कशाला?"

"तुमीच म्हणला ना, बाराचा हाय म्हणून. मी बाराची हाय. मला भ्या वाटायलाच नको." दिशा फ्रॉकचं टोक पिळत राहिली. "म्हणून रोज खेळते. सवय व्हईल."

केवढा हा अन्याय! आकडा चुकला असेल, असं त्या लेकराच्या मनातही आलं नव्हतं. आपणच कमी पडतो, असं तिने धरलं होतं.

सुनील तिच्याकडे वळला. "चूक माझी हाय, बाई. मी नुस्ता आकडा बघितला, तुला बघितलंच न्हाई. भ्या वाटलं तर मला सांगायचं. तुझ्यात काय बी कमी न्हाई."

त्या दिवशी ठराव झाला: आकडा आधी वाचावा, मग मोठ्यांनी लेकराशेजारी बसून गेम पाहावा. लेकरू घाबरलं तर गेम बंद करावा, लेकराला नापास करू नये. कारभारी आजोबांनी डोळे घट्ट मिटूनच अनुमोदन दिलं.

घरी जाऊन सुनीलने तो गेम काढून टाकला. नव्या गेममध्ये नुसती शेती करायची होती. वय तीन आणि पुढे. रीतसर तो आधी स्वतः बसला आणि त्याचा सगळा कांदा सडला.

"हा गेम शेतकऱ्याला दावू नये," तो गंभीरपणे म्हणाला.

दिशा खूप दिवसांनी खळखळून हसली, आणि बाप दुसऱ्यांदा लागवड करत असतानाच त्याच्या मांडीवर झोपून गेली.

नागरिकहो, कुठल्याही देशाचा आकडा आला तरी तो जरूर वाचा. पण आकडा परक्याचा असतो, लेकरू आपलं असतं. त्याच्याकडे बघायचं काम दुसरा कुठलाही देश करणार नाही.