व्याह्याचा सा

पुंजारामाची सनई आसारामाच्या सनईशेजारी पहिल्यांदा वाजली ती त्याच्या लेकीच्या, विजयमालेच्या साखरपुड्यात, आणि मांडवातलं एक तान्हं पोर जे रडायला लागलं ते पंगती उठेपर्यंत थांबलं नाही.

व्याही दोघेही सनईवाले. खर्ड्याकडच्या पुंजारामाची सनई बापाच्या वेळची, खालच्या सुराची. कोपरगावच्या आसारामाची नवी, चढ्या सुराची. आणि त्यांच्यात रिवाज असा, की वऱ्हाड वेशीवर आलं की दोन्हीकडच्या सनयांनी मिळून एकच चाल वाजवायची आणि वाजवतच मांडवात शिरायचं.

"पाव्हणं, लग्नात ही पिपाणी घरीच ठिवा," जाताना आसाराम म्हणाला. "वेशीवर आमी एकलेच वाजवू."

साऱ्या पंचक्रोशीची लग्नं वाजवलेल्या माणसानं पोटच्या पोरीच्या लग्नात हात बांधून उभं राहायचं! शेवटी पुंजाराम चर्चमध्ये पेटी वाजवणाऱ्या आमोस मास्तरांकडे गेला.

मास्तरांनी आधी त्याची सनई ऐकली, मग त्याच्याकडून व्याह्याचा सूर गुणगुणून घेतला आणि दोन्ही सूर पेटीवर शोधले.

"तुझा सा काळी एक, त्याचा काळी तीन. म्हणजे तुझा म तोच त्याचा सा. चाल मपासून उचल. फक्त नी कोमल घे."

"सा काय पाट हाय व्हय मास्तर, हितला उचलून तिथं मांडायला? आमच्या सात पिढ्यांनी सारेगमबिगर लोकांची लग्नं लावली."

"आणि साती पिढ्या व्याह्यांशी भांडल्या."

हे खरंच होतं. पुंजाराम गोठ्यात बसून घोकायला लागला.

"पोरीचं लगीन हाय का शाळंत इन्स्पेक्टर येतोय?" बायको मनकर्णा म्हणाली. पण एका सकाळी बोटं आपोआप नव्या जागेवरून चालली आणि तो स्वतःवरच खूश झाला.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड वेशीवर आलं. आसारामानं सनई तोंडाला लावली, पुंजारामानं ठसक्यात म वरून चाल उचलली, आणि साखरपुड्यातला तोच चिरका गोंधळ उठला. नवरदेवाची घोडी बुजली. मास्तरांना मनात एक कचकचीत शिवी देऊन पुंजाराम आपल्या जुन्या सा वर आला. नेमका तेव्हाच आसारामही सरकला. पुन्हा गोंधळ. अरुंद बोळात एकमेकांना वाट देणाऱ्या माणसांसारखे दोघे इकडून तिकडे होत राहिले.

"अवो, तुमी हालता कशाला?" आसाराम वैतागला.

"मी तुमच्या सा वर आल्तो!"

"अन् मी तुमच्या! आमच्याकडच्या साखरफॅक्टरीतल्या बँडमास्तरानं घोटून घेतलंय माज्याकडनं. पंचमावरनं उचल म्हनला."

पिपाणी म्हणणारा माणूस त्या पिपाणीपायी शाळेत बसला होता.

"तुमी पाव्हणं. आपल्या सा च्या घरी बसा, मी येतो तिकडं," पुंजाराम म्हणाला.

"न्हाई न्हाई, मान पोरीवाल्यांचा."

"अरे, ऊन लागतंय!" मागून वऱ्हाड ओरडलं.

पुंजारामानं पुढचं ऐकलंच नाही, डोळे मिटून म वरून चाल धरली. आसाराम आपल्या सा वर येऊन मिळाला. आता दोन सनया आहेत हे सांगावं लागलं असतं.

दोघे वाजवतच मांडवात शिरले तेव्हा भटजी मुहूर्त टळतोय म्हणून दोन्ही हात हलवत होते. दोघांपैकी कुणीच तिकडे पाहिलं नाही.