‘आखूड सात’चा रीमर

मी एक जुना रीमर आहे, मित्रांनो. रायफलीची नळी मागच्या बाजूने आतून कोरायची आणि काडतुसासाठी अचूक घर करायचे, एवढेच माझे काम. माझा आकार ‘आखूड सात’ या एकाच काडतुसाचा. दुसरे काही मला कोरता येत नाही.

फिनलंडमधल्या या तळ्याकाठच्या कारखान्यात एके काळी माझा मोठा मान होता. मूस या अवाढव्य हरणाच्या शिकारीचा हंगाम जवळ आला की मागणी वाढे आणि कारागीर तौनो मला तेलात बुडवून संथपणे नळीत फिरवी. पण दर वेळी धार लावताना मी थोडा बारीक होत गेलो. आता आणखी धार लावली, तर मी कोरलेल्या घरात काडतूस शिरणार नाही.

माझे दिवस भरले, याचे दुःख नाही. प्रश्न होता, माझ्या जागी नवा ‘आखूड सात’ आणायचा की नाही. कोणत्या काडतुसांसाठी रायफली बनवायच्या, हे राउनी ठरवी. कॉफीच्या सुट्टीत ती कॉफीचा पेला आणि एक गोड बनपाव घेऊन तौनोच्या बाकापाशी आली.

“तौनो, आखूड सात बंद करतेय.”

“बंद? तू पहिला मूस कशाने पाडलास गं? गोफणीने?”

“त्यानेच. म्हणून तर इतकी वर्षं मी लावून धरलं. पण दुकानांत पेट्या खपत नाहीत. काडतूसवाले आता त्यांचं यंत्रच काढून टाकतायत.”

“खपतील कशा? आमच्या शिकारी टोळीत पेटी विकत घेतो कोण!” तौनो अभिमानाने म्हणाला. “रानातल्या शेवाळात हात घालून झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या शोधायच्या, घरी बसून पुन्हा दारू भरायची.”

राउनीने पेला खाली ठेवला. “आमचे बाबाही तेच करतात. सगळा मुलूखच तसा. अरे, पण काडतूसवाल्याला तुमचं शेवाळ दिसत नाही, दुकानाची फळी दिसते. तुम्ही काटकसर केलीत आणि त्याला वाटलं, तुम्ही मेलात.”

“मग सांग की त्याला, जिवंत आहेत म्हणून!”

“सांगितलं. तो म्हणतो, तुम्ही रायफली बनवा, मग आम्ही काडतुसं बनवू. मी म्हटलं, आधी तुम्ही बनवा. बसलो एकमेकांची तोंडं बघत.”

“आणि भरून भरून आमच्या पुंगळ्या फाटल्या की? नव्या कुठून आणायच्या?”

राउनीने पेला पुन्हा उचलला. तौनोने हात पुसले. म्हणाला, “बनपाव उरलाय का एखादा?”

तिने आपला अर्धा मोडून दिला.

मित्रांनो, मला कोणी झिडकारले नाही. ज्यांनी मनापासून जपले, त्यांच्याच जपण्याने माझा वंश संपला. तुम्हाला एखादी गोष्ट हवी असेल, तर ती हवी आहे हे चारचौघांत वेळेवर दिसू द्या. आता मी थकलो आहे. माझा खण रिकामा करून हवा आहे. नव्या, लांब काडतुसाचा रीमर दाराशी येऊन पोहोचला आहे.