थोरल्यांचे नाव

टेबलावरच्या, आवाज टिपणाऱ्या छोट्या यंत्राचा लाल दिवा जळत होता. खोलीतला रेडिएटर मधूनच घसा खाकरल्यासारखा आवाज करी आणि पुन्हा गप्प होई. खिडकीबाहेर अल्माटीचे नोव्हेंबरमधले आकाश होते, धुराने मळलेले. त्यात डोंगर असायला हवे होते, पण आज ते नव्हते. माझे हात मांडीवर पडले होते. ते माझे आहेत हे दिसत होते, जाणवत नव्हते.

"मी पुन्हा विचारते," वेरा निकोलायेव्ना त्सोय म्हणाल्या. लेखापालांच्या मंडळात परदेशी पात्रतेला मान्यता द्यायची की नाही, हे त्यांच्या सहीवर ठरे. "बिश्केकच्या परीक्षा तुम्ही पास झालात. गुण चांगले आहेत. मग तिकडेच, सीमेपलीकडे काराकोलला एका ऑडिटरच्या हाताखाली उमेदवारी केलीत. त्या ऑडिटरचं नाव सांगा."

"ते कागदावर आहे," मी म्हणाले.

"कागदावर आहे ते मला वाचता येतं. मला ऐकायचंय."

मी तोंड उघडले. आत हवा गेली, बाहेर काही आले नाही.

त्यांनी पेन खाली ठेवले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. दिवसभर खोटे कागद पाहणाऱ्या माणसाचा थकवा होता. "हे बघा. तुमचे ऑडिटर वसंतात वारले. ते हयात असते तर मी फोन केला असता आणि तुम्ही आता घरी चहा पीत असता. गेल्या वर्षी असेच एक गृहस्थ आले होते. त्यांनी एका मेलेल्या माणसाची सही आणली होती. कागद असा चोख, की भिंतीवर लावावा. त्या माणसाबद्दल विचारलं तर त्याला दाढी होती की नव्हती हेसुद्धा ठाऊक नाही. तेव्हापासून सही करणारा हयात नसेल तर उमेदवाराला तोंडानं सांगावं लागतं. नावासकट. या यंत्रात."

"नाव सोडून सगळं विचारा."

"बरं. सांगा."

मी सांगितले. थोरले पेन्सिल चाकूने तासत आणि टोक जिभेला लावून पाहत. ताळेबंद जुळला तरी त्यावर विश्वास ठेवत नसत. जो ताळेबंद पहिल्याच फटक्यात जुळतो त्याने कुठेतरी काहीतरी गिळलेले असते, असे म्हणत. तपासणीला गेले की आधी कार्यालयात जात नसत, गोदामात जात. पोत्यांवर हात फिरवत, धूळ बघत, आणि मगच साठ्याचा आकडा वाचत. एकदा एका दूध संघाच्या अध्यक्षाने त्यांच्यासाठी मेंढी कापली, तर ते दारातूनच परत फिरले आणि आम्ही बस थांब्यावर उभे राहून कोरडी भाकरी खाल्ली. मला त्यांनी कधी शाबास म्हटले नाही. काम बरोबर असेल तेव्हा ते पान उलटत, एवढेच. मी त्या पान उलटण्याच्या आवाजासाठी काम करायचे.

हे सगळे मी एका सुरात बोलले, दुसऱ्या कोणाचे तरी पाठ केलेले असावे तसे.

"हे कोणाला विकत मिळत नाही," टेबलाच्या टोकाला बसलेले म्हातारे सदस्य हळूच म्हणाले. त्यांना सगळे ओराज आगा म्हणत होते. इतका वेळ ते डोळे मिटून बसले होते. मला वाटले होते झोपले आहेत. "थोरले, थोरले म्हणतेस. सासरे का गं ते तुझे?"

मी मान हलवली.

"मग असं बोल की!" ते हसले, आणि त्यांच्या पोटावरची गुंडी हलली. "वेरा निकोलायेव्ना, ही सून आहे. आमच्याकडची असो नाहीतर डोंगरापलीकडची, सून सासऱ्याचं नाव घेत नाही. माझी बायको माझ्या थोरल्या भावाला 'छपरावरचा' म्हणते. एकदा लहानपणी छपरावरून पडला होता म्हणून. माणूस मंत्रालयात अधिकारी झाला, निवृत्त झाला, तरी आमच्या घरात छपरावरचाच."

वेरा निकोलायेव्नाही किंचित हसल्या. "माझ्या आजीकडेही असलं काहीतरी होतं. पण ओराज आगा, मी फायलीत काय लिहू? छपरावरचा?"

"लिहून देईल ना ती."

"लिहिलेलं तर आहेच. लिहिलेल्यावर भरवसा नाही म्हणून तर हा नियम. मी केला नाही तो, पण खाली सही माझी असते. आज हिच्यासाठी वाकवला, तर उद्या दहा जण सुना होऊन येतील. त्यात दाढीवालेही असतील."

कोणी हसले नाही. लाल दिवा जळत राहिला.

लग्नाच्या दिवशी डोक्यावर पांढरा रुमाल बांधला गेला, तेव्हा थोरल्या जावेने मला पडद्याआड बसवून नावे सांगितली होती. सासऱ्यांचे, सासूचे, दिरांचे, चुलत सासऱ्यांचे. ती एकेक नाव कानात सांगत होती, आणि सांगून झाल्यावर म्हणाली, आता ही गिळून टाक. मी गिळली. नंतर मी सासऱ्यांच्याच कार्यालयात कामाला लागले. त्यांचे नाव प्रत्येक अहवालाखाली मी टंकत होते. बोटांना ते माझ्या स्वतःच्या नावापेक्षा जास्त सवयीचे झाले. पण फोन आला की मी 'थोरले बाहेर गेलेत' म्हणत असे, आणि काराकोल एवढे लहान आहे की पलीकडच्या माणसाला ते पुरे. बोटांना येणारे नाव तोंडाला येत नाही, यात काही अडचण आहे हे मला कधी जाणवलेच नाही. सीमेच्या अलीकडे येईपर्यंत.

फळांचे रस बाटल्यांत भरणारी एक कंपनी मला घ्यायला तयार होती. हिशेबनीस म्हणून, खऱ्या टेबलावर. त्यांची अट एकच, अल्माटीच्या मंडळाची मान्यता. आणि मंडळाची ही बैठक संपली की पुढची उन्हाळ्यात होती. कंपनी सोमवारनंतर थांबणार नव्हती. मला नोकरी लागली की माझा नवरा उलान दूर येकातेरिनबर्गच्या गोदामातले काम सोडून इथे येणार होता. गेली कित्येक वर्षे आमचा संसार फोनच्या पडद्याएवढा होता, आणि तोही बर्फ पडला की अडकत असे.

"मी सांगते," मी म्हणाले.

दोघे थांबले. मी पहिले अक्षर ओठांवर आणले. ओठ जुळले आणि तसेच राहिले, दंतवैद्याने सुई टोचल्यावर राहतात तसे. मी वाट पाहिली. ओठांनीही वाट पाहिली.

ओराज आगांनी हात वर केला. "पुरे. पोरीला छळू नका. एक मार्ग आहे. घरातलं मोठं माणूस मोकळीक देऊ शकतं. सासू आहे का तुझी?"

"बाहेर बाकावर बसल्यात."

"मग काय! जा, विचारून ये."

वेरा निकोलायेव्नांनी यंत्र बंद केले. "तोवर पुढच्या उमेदवाराचं उरकते. त्यानंतर मात्र दार बंद."

बाहेर बोळात एने, माझी सासू, ताठ बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत काराकोलहून आणलेले बोर्सोक, तळलेल्या कणकेचे फुगीर तुकडे. तळणाचा वास साऱ्या बोळात पसरला होता. डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवायचे निमित्त करून ती माझ्याबरोबर आली होती. डॉक्टरकडे आम्ही अजून गेलो नव्हतो.

"झालं?" तिने विचारले.

"नाही."

"ऐकलं मी. दार आहे का पडदा? आतला तो म्हातारा हसला तेसुद्धा ऐकू आलं." तिने एक बोर्सोक माझ्यापुढे धरला. "खा. तोंड बघ कसं झालंय, धुतलेल्या पातेल्यासारखं."

मी तो हातात धरला. "त्यांना नाव हवंय, एने."

"नाव विचारायला एवढी इमारत बांधली यांनी? चार मजले?"

"तुम्ही मोकळीक द्या. एकदाच. मग परत कधी नाही."

ती पिशवीचे तोंड बांधू लागली. गाठ नीट बसली नाही, म्हणून सोडली आणि पुन्हा बांधली. बोळातून पुढचा उमेदवार आत गेला, एक तरुण ताजिक, कोट थोरल्या भावाचा असावा. आतून लगेच त्याचा आवाज आला. तो आपल्या ऑडिटरचे नाव घेत होता, वडिलांच्या नावासकट, मोठ्याने, विटा रचाव्यात तसे.

"दवाखान्यात," एने म्हणाली, "नर्सनं मला विचारलं होतं, पेशंटचं नाव काय. आठवतं?"

"आठवतं."

"मी तुझ्याकडं बघितलं. तू चिठ्ठीवर लिहून दिलंस. मला लिहितासुद्धा आलं नाही. सगळं आयुष्य मी त्या माणसाला 'ऐकता का' म्हणून हाक मारली. शेवटी ऐकेनासा झाला, तरी मी 'ऐकता का' म्हणतच होते."

मी ते ऐकले. माझ्या आत काही हलले नाही.

"आणि त्या रस-बिसवाल्यांकडं लागलीस की मग?"

"उलान येईल. आपण सगळे इथंच राहू. तुम्हीही."

"इथं?" तिने खिडकीकडे पाहिले, जिथे डोंगर नव्हते. "शेजारीण म्हणे, अल्माटीत सगळं मिळतं. थोरल्यांची कबर मिळते का विचारून ये आत."

"एने."

"कबरीवरचं गवत काढायला कोण जाणार? तुझा तो फोन जाणार?"

"उन्हाळ्यात जाऊ. दर उन्हाळ्यात."

"तुम्ही हिशेबवाले," ती म्हणाली. "सगळं वर्षाच्या शेवटाला बसवता."

यात टोमणा होता की नाही, मला कळले नाही. थोरलेही तिला असेच काहीतरी म्हणत आणि ती असेच उत्तर देई. त्या दोघांचे भांडण ऐकताना मी आत खतावणी तपासत असे आणि मला बरे वाटे. आज त्यातला एकच आवाज उरला होता आणि दुसऱ्याची जागा मी भरावी असे कोणी मला सांगितले नव्हते.

आतला ताजिक मुलगा बाहेर आला. घामाघूम, हसरा. आम्हाला पाहून त्याने छातीवर हात ठेवला आणि जिना उतरून गेला.

दार अर्धवट उघडले. "जिपारा," वेरा निकोलायेव्ना म्हणाल्या. त्यांनी कोट खांद्यावर घेतला होता. "काय ठरलं? मला यंत्र आवरायचंय."

"येते," मी म्हणाले. दार लोटले गेले, लागले मात्र नाही. आतून बटण दाबल्याचा आवाज आला.

मी एनेसमोर उभी राहिले. हातातला बोर्सोक मी चुरला होता. चुरा फरशीवर पडला होता आणि अन्न पायाखाली पडले तर जे वाटायला हवे ते मला वाटत नव्हते.

"हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा," मी म्हणाले. "नाही म्हणालात तर आजच्या गाडीनं परत जाऊ. मी पुन्हा विषय काढणार नाही. पण काहीतरी म्हणा. तुमच्याशिवाय कोणाला विचारू मी?"

एनेने माझ्याकडे पाहिले. डॉक्टरला अजून न दाखवलेल्या त्या डोळ्यांनी ती मला किती पाहू शकत होती, कोणास ठाऊक. मग ती वाकली, गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू, आणि फरशीवरचा चुरा एकेक कण वेचून तिने तळहातावर घेतला, कपाळाला लावला, खिशात टाकला. डोक्यावरचा रुमाल पुढे ओढून कानांवर घट्ट बांधला. पिशवी उचलली.

"एने, ऐकता का?"

ती जिन्याकडे वळली. कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेली, तिसऱ्या मजल्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून खाली, जिथे या दाराआड घेतलेले कोणतेही नाव तिला ऐकू गेले नसते, आणि तिने मागे वळून पाहिले नाही.