वीस मिनिटांचा क्विनोआ

“अजून धुतोयसच?” बाबांनी विचारलं.

“नीट नाही धुतला तर कडवट लागतो. फेस जाईपर्यंत धुवायचा असतो.”

“आणि ताईला सांगणार, वीस मिनिटांत होतो.”

“वीस मिनिटं शिजायला, बाबा. धुणं त्यात धरत नाहीत.”

“चिरणं?”

“तेही नाही धरत.”

बाबा खुदकन हसले. “आम्हीही गिऱ्हाइकाला ‘उद्या देतो’ म्हणताना काजं-बटणं धरत नसू.”

चाळीस वर्षं टेलरिंग केलेला माणूस. त्याला थापेचं माप लगेच कळतं. मी गाळणीतला क्विनोआ नळाखाली आणखी एकदा फिरवला आणि घड्याळाकडे बघितलं. पावणेसहा. साडेसहाला ताई येणार होती आणि आठच्या आत मला साहेबांना फोन करायचा होता, हो किंवा नाही.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. एकवीस वर्षं झाली. लिफ्टमध्ये माणसं अडकली की मला फोन येतो आणि मी सांगतो, “घाबरू नका, पाच मिनिटांत पोचतो. दार उघडायला जाऊ नका.” पाच मिनिटांत मी बापजन्मी कधी पोचलेलो नाही. अर्धा तास लागतोच. पण पाच मिनिटं ऐकलं की आतला माणूस निदान श्वास तरी घेतो. गेली सहा वर्षं मी स्वतःलाही हेच सांगत आलोय. बाबांना अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून. पाच मिनिटं, लेका, पाच मिनिटं.

आणि मग या महिन्यात खरंच कुणीतरी दार वाजवलं. कंपनीचं दुसऱ्या शहरात ट्रेनिंग सेंटर निघालं. नवीन मेकॅनिकना शिकवायला माणूस हवा होता आणि साहेबांनी माझं नाव दिलं. दोन वर्षं. राहायला खोली. काळे हात घेऊन शाफ्टमध्ये लोंबकळायचं नाही, फळ्यासमोर उभं राहून बोलायचं. वयाची अट पंचेचाळीस. मी पुढच्या महिन्यात पंचेचाळीस पूर्ण करतो. मला जायचं होतं. इतकं जायचं होतं की रात्री झोपेत मी फळ्यावर चित्रं काढत होतो.

अडचण एकच होती आणि ती टेबलापाशी बसून माझी गाजरं मोजत होती.

“तुकडे एका मापाचे आलेत,” बाबा म्हणाले. “हात चांगला आहे तुझा. शिलाईत आला असतास तर नाव काढलं असतंस.”

ताईनं बाबांना दोन वर्षं न्यायचं, एवढीच माझी मागणी होती. फोनवर ती म्हणाली, “अरे, आम्ही दोघंही दिवसभर बाहेर, तुझ्यासारखं मधूनच घरी डोकावता येत नाही. त्यांच्या पथ्याचं कोण बघणार? बिनमिठाचं, बिनसाखरेचं, मऊ... मला तर साधा स्वयंपाक करताना नाकी नऊ येतात.” मी म्हणालो, “ये तर खरी. डोळ्यांनी बघ. एक पॅन, वीस मिनिटं, विषय संपला.”

म्हणून मी अर्धा दिवस रजा टाकली होती. गाजर, घेवडा, सिमला मिरची, पालक सगळं चिरून डब्यांत. लसूण सोलून. आहारवालीनं भाताऐवजी लिहून दिलेला क्विनोआ धुऊन निथळत ठेवला. बाबांची आंघोळ, दाढी, इस्त्रीचा शर्ट. कमोडची खुर्ची गॅलरीत, तिच्यावर चादर. औषधांचा खोका पलंगाखाली. चोचीचा पेला, ज्यातून बाबा पाणी पितात, तो कपाटात. ताटं, वाट्या आणि साधे ग्लास आधीच काढून टेबलावर मांडले, म्हणजे कुणाला कपाट उघडायची वेळ येऊ नये.

कारण कपाटाच्या दाराला आतून लॉगशीट लावलेली होती.

ती आमच्या धंद्यातली खोड. मशीनरूमच्या दारामागे एक कागद असतो. तारीख, वेळ, काय केलं, शेरा, मेकॅनिकची सही, ग्राहकाची सही. मला शिकवणारे वस्ताद म्हणायचे, जे लिहिलं नाही ते केलंच नाही. बाबा दवाखान्यातून घरी आले तेव्हा मला काही सुधरत नव्हतं. कुठली गोळी कधी दिली हेच आठवेना. मग कंपनीचे कोरे कागद आणले आणि लावले. ते आजतागायत. दुपारी मी ती शीट काढायला हातही घातला होता. पण महिना संपल्याशिवाय शीट जागेवरून काढायची नाही, हे एकवीस वर्षं हाडात भिनलेलं. हात मागे आला. म्हटलं, दार बंद आहे, कोण बघतंय?

“बाबा, आता उजळणी,” मी म्हणालो.

“पलंगावरून टेबलापर्यंत काठीशिवाय. अकरा पावलं.”

“आणि?”

“घास लहान. बोलत बोलत खायचं नाही. तक्रार करायची नाही.” ते थोडं थांबले. “धाकट्या, मी करतो सगळं. तू काळजी करू नको.”

मला एकदम स्वतःची लाज वाटली. मी त्यांना धरून परत पलंगावर नेऊन बसवलं आणि पॅन पुसायला घेतला.

ताई साडेसहाला आली ती धापा टाकतच. पिशवीत पपई. “तुमची लिफ्ट बंद आहे,” ती म्हणाली. “लिफ्टवाल्याच्याच बिल्डिंगमध्ये!”

“ती आमच्या कंपनीची नाही.”

“असं होय! म्हणजे डॉक्टरच्या घरात सर्दी, पण रोग दुसऱ्या डॉक्टरचा.”

बाबा हसले आणि पलंगावरून उठले. अकरा पावलं टाकली. मी गॅसकडे तोंड करून उभा होतो, पण पाठीनं मोजत होतो. अकराव्याला खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि माझा जीव भांड्यात पडला.

“अगंबाई! बाबा, तुम्ही तर छान चालायला लागलात!”

“मग काय! मला काय धाड भरलीय?” बाबा म्हणाले.

मी घड्याळ दाखवलं. “सहा चाळीस. बघ हां.” चमचाभर तेल, लसूण, कांदा. मग गाजर आणि घेवडा, मागून सिमला मिरची. वर क्विनोआ, दोन मिनिटं परतला. एका वाटीला दोन वाट्या पाणी. उकळी फुटली, गॅस बारीक केला, झाकण ठेवलं.

“झालं?” ताई म्हणाली.

“झालं. आता झाकण उघडायचं नाही. पंधरा मिनिटं तो आणि त्याचं नशीब. आपण गप्पा मारायच्या.”

“एवढंच?”

हाच तो शब्द. दुपारपासून मी या एका शब्दासाठी राबलो होतो.

गप्पा मारल्या. ताईची शाळा, तिच्या लेकीची परीक्षा, भाऊजींची गुडघेदुखी. बाबांनी मध्येच “तुझ्या घरी सकाळी ऊन येतं ना गं?” असं विचारलं, आणि ताई म्हणाली, “येतं की. मागची खोली तर रिकामीच आहे.” मी झाकणाकडे बघत राहिलो. काचेवर वाफ जमली होती. शेवटी पालक आत ढकलला, पाच मिनिटं मुरू दिलं, काट्यानं मोकळा केला, वर लिंबू पिळलं. दाणा न् दाणा सुटा आणि प्रत्येकाला ती बारीक पांढरी शेपटी फुटलेली. वीसची सत्तावीस मिनिटं झाली होती, पण कुणी बोललं नाही.

ताईनं घास घेतला. “अरे, छान लागतोय! मला वाटलं भुसा असेल.”

“पाखरांच्या तोंडचं काढून आणतो हा,” बाबा म्हणाले आणि लहान घास घेतला. दुसरा घेतला. गडी चोख काम करत होता.

“दोन वर्षंच ना?” ताई एकदम म्हणाली. “मी ह्यांच्याशी बोलते. म्हणजे... जमवता येईल, असं वाटतंय. इतकी वर्षं तू एकट्यानं केलंस. माझीही काहीतरी जबाबदारी आहेच की.”

मी तिच्या ताटात आणखी क्विनोआ वाढला.

तेवढ्यात बाबांच्या घशात घास अडकला.

ते काहीतरी म्हणायला गेले असावेत. घास तोंडात होता. आधी तोंड लाल झालं. त्यांनी ओठ गच्च मिटून घेतले, टेबलाची कड धरली. मग ठसका फुटलाच. मी झेप घेऊन त्यांना पुढे वाकवलं आणि पाठीवर थापा मारायला लागलो. ताईनं ग्लास पुढे केला, तो त्यांच्या हातानं उडाला. आणि बाबांनी, सहा वर्षांच्या सवयीनं, दुसरा हात कपाटाकडे केला.

“पेला! तिथे आहे का?” म्हणत ताईनं दार उघडलं.

पेला तिनं काढला. मी तो बाबांच्या तोंडाला लावला. पाणी उतरलं, श्वास आला, डोळ्यांतलं पाणी मी पुसलं. या सगळ्याला दोनेक मिनिटं गेली असतील. ताई कपाटासमोरच उभी होती.

“पहाटे तीन दहा. अंथरूण बदललं,” ती वाचत होती. “चार पन्नास. परत बदललं. सकाळी सहा, साखर बघितली. सव्वासहा, पाय चोळले, वीस मिनिटं. ठसका, दोनदा. रडले. कारण सांगितलं नाही.” तिनं खालच्या फळीकडे पाहिलं. तिथे सहा वर्षांच्या फायली होत्या. पुन्हा शीटकडे. “बारा तारीख. बाथरूममध्ये पडले. लागलं नाही. ताईला सांगू नको म्हणाले.”

“लागलं नव्हतं गं,” बाबा म्हणाले.

“तू मला वीस मिनिटं दाखवलीस,” ती माझ्याकडे वळली. आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. “दिवसाचे बाकीचे तास कुठे लपवणार होतास रे?”

“बाई ठेवू. मी पैसे पाठवीन.”

“इथे लिहिलंय, तीन बायका आल्या नि गेल्या.”

स्वतःच लिहिलेलं, सही माझी. नाकारू कसं?

“मला नाही रे जमणार,” ताई म्हणाली आणि रडायलाच लागली. “खोटं कशाला बोलू? मी महिनाभरात कोलमडेन. मग माझी चिडचिड बाबांवर निघेल. मला नाही जमणार.”

तिचा राग यायला हवा होता मला. आला नाही. मी तिच्या जागी असतो तर मीही दार लावून घेतलं असतं. फक्त मी कधीच तिच्या जागी नव्हतो, एवढंच.

जाताना तिनं पपई कापून ठेवली, भांडी विसळली, बाबांच्या पाया पडली. जिन्यात मला म्हणाली, “रविवारी येत जाईन. दर रविवारी. नक्की.” मी हो म्हणालो. तिला श्वास घेता यायला हवा होता.

पावणेआठला साहेबांना फोन केला. “नाही जमणार, साहेब.” ते म्हणाले, “बघू, परत कधी निघालं तर.” त्यांनाही माझं वय माहीत होतं.

आत आलो. बाबा अजून टेबलापाशीच होते. ताटलीतला क्विनोआ गार झाला होता. तो ते काट्यानं एकेक दाणा करून खात होते, टाकायचा नाही म्हणून.

“मी आवरायला बघितला रे ठसका,” ते म्हणाले. “लय बघितला. नाही आवरला.”

“माहीत आहे, बाबा.”

“पोरी, घेऊन जा मला, एवढंच म्हणायचं होतं. घास गिळायच्या आधी तोंड उघडलं. उजळणी केली होती तरी.”

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा किती बारीक झालाय, हे रोज हात लावूनही कळलं नव्हतं.

“आजचं लिहिलंस?” त्यांनी विचारलं.

“राहू दे आज.”

“राहू दे कसं? आण इकडे.”

मी शीट दारावरून काढली. महिना संपायला आठ दिवस होते, पण काढली. टेबलावर ठेवून लिहिलं: सहा चाळीस. क्विनोआ, भाज्या. एक ताटली. ठसका, एकदा. खाली सही केली.

“मीठ कमी होतं, तेही लिही.”

“मीठ नव्हतंच, बाबा.”

“मग तसं लिही.” त्यांनी कागद स्वतःकडे ओढला. नाक जवळ नेऊन बघितलं, जसं पूर्वी शिवण बघायचे. शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. “हा मोकळा का?”

“ती ग्राहकाची सही. काम झालं, ते पाहिलं, अशी.”

“मग ग्राहक मीच ना?”

त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं. उजव्या हाताला कंप, म्हणून डाव्यानं मनगट धरलं आणि सही करायला लागले. वेळ लागला. अक्षरं चौकटीबाहेर गेली, पण नाव पुरं केलं. मग पेन एक ओळ वर नेलं.

“बाबा, ते कालचं आहे.”

“दिसतंय मला. राहिलेल्या सगळ्या करतो. किती आहेत?”

“खूप आहेत. फायली भरल्यात.”

“असू देत. आपण दोघं इथेच आहोत.”

त्यांनी परत मनगट धरलं. कागद सरकत होता, म्हणून मी तो दोन्ही हातांनी दाबून धरला.